थोरलीने ‘सैल’ म्हटलं त्या दिवशी

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. लिहायला घेतलं, पुसलं, परत घेतलं, परत पुसलं, कारण आईने वाचलं तर ती माझ्याशी बोलणं बंद करेल आणि मोठ्या काकूने वाचलं तर ती बोलायला लागेल, आणि तिच्या बोलण्यापेक्षा आईचा अबोला कधीही परवडला. पण आज काकूजवळ बसून आले आणि आता राहवत नाहीये. जसं येतंय तसं टाइप करतेय, चुका काढत बसू नका.

आधी एवढं सांगते. मोठी काकू म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. म्हणजे ती आणि माझी आई जावा-जावा. दोघी जिथे मासे कापतात त्या शेडवर सगळे एकीला थोरली म्हणतात, दुसरीला धाकटी, मीही इथे तेच म्हणणार, नाहीतर बाजू घेतली म्हणून दोघीही मला सोलतील. आणि थोरलीच्या मनातलं मला कसं माहीत, तर तिनेच सांगितलं. मला शिव्या देत देत, पण सांगितलं.

तर थोरली. लोकांचा राग नाकावर असतो, हिचा हिच्या दोन पावलं पुढे चालायचा. फाटकात तिचे गमबूट वाजले की आत बर्फ फोडणारा माणूससुद्धा फावडं हळू आपटायचा.

“आली बघा. आता बर्फाची गरज नाही, सगळं आपोआप गार पडेल,” तो पुटपुटायचा.

“ऐकू येतं मला,” थोरली एप्रन बांधता बांधता म्हणायची. “तो बर्फ स्वतःच्या तोंडात कोंब. निदान तोंड तरी सडायचं थांबेल.”

असा रोजचा नमस्कार.

शेड म्हणजे बंदराच्या बाजूला लांबच लांब पत्र्याची इमारत, आत भिंतींना पांढऱ्या फरशा, जमिनीला उतार आणि मधोमध जाळीचं गटार, त्यातून दिवसभर लालसर पाणी वाहतं. स्टीलचं एक लांब टेबल. दोन्ही बाजूंनी बायका, हातात सुऱ्या. राखाडी पाठीचे मोठे मासे येतात, त्यांच्या डोक्यामागे सुरी घालायची आणि काट्याला घासत घासत शेपटीपर्यंत न्यायची, की मांसाची अख्खी बाजू एका तुकड्यात सुटून येते. त्याला फिलेट म्हणतात. ती गुळगुळीत आली तर खोक्यात, फाटली तर कुटायच्या टोपल्यात. काम ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे बोटं मोजायची वेळ येईल.

पण या शेडवर एक रीत होती, आणि ती दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. माल आला की कोणी सुरीला हात लावायचा नाही. सगळ्या बायका हात बांधून उभ्या. मग थोरली क्रेटमधून एक मासा उचलणार, डोकं टेबलावर दाबून धरणार, बाकीचं अंग कडेच्या बाहेर सोडणार आणि बघणार शेपूट कशी राहते. लाकडासारखी आडवी राहिली तर म्हणायची “ताठ”. मग क्रेट परत बर्फात, बायका चहाला. शेपूट खाली लोंबली तर म्हणायची “सैल”, आणि तो शब्द पडला की सगळ्या सुऱ्या एकदम चालू. मालकाने म्हटलं तरी त्याआधी नाही. जुने मालक स्वतः दारात उभे राहून विचारायचे, “काय गं, सांगू का गाडी लावायला?” आणि ही म्हणायची, “मी सांगेन तेव्हा लावा.” अख्ख्या आयुष्यात थोरलीला कोणी काही विचारलं नव्हतं. लग्न विचारून झालं नाही, घर विचारून बांधलं नाही, नवऱ्याने नोकरी सोडली तेव्हासुद्धा सांगितलं नाही. पण या एका शब्दासाठी सगळी शेड तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तो शब्द म्हणजे तिचं सगळं होतं.

त्याच्यामागचं कारण सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मासा मरतो म्हणजे त्याचं मांस लगेच मरत नाही. अंगात थोडी शक्ती उरलेली असते, ती असेपर्यंत मांस मऊ राहतं. ती संपली की मांसातले बारीक धागे एकमेकांना घट्ट पकडतात आणि सोडतच नाहीत, कारण सोडायलासुद्धा शक्ती लागते आणि ती तर संपलेली. मासा फळीसारखा होतो. अशात कापला किंवा जबरदस्तीने सरळ केला की आतून चिरफळ्या. मग बर्फात पडून पडून मांस आतल्या आत थोडं थोडं झिजतं, ती पकड सुटते, मासा परत सैल. तेव्हा कापायचा. त्याहून जास्त ठेवला तर मग मऊ पडतो, वास मारतो, ते सगळ्यांना माहीतच आहे. जाळ्यात खूप धडपडलेला मासा लवकर ताठरतो, शांतपणे गार पाण्यात मेलेला उशिरा. थोरलीला यातलं कारण कोणी शिकवलं नव्हतं, तिला फक्त हाताला लागायचं.

आता धाकटी. धाकटीला सुरी धरायला थोरलीनेच शिकवलं. नवीन लग्न होऊन आलेली, माशाचे डोळे बघून घाबरणारी पोरगी, तिचा हात हातात धरून थोरलीने शिकवलं, “काट्याचं ऐक, काटा सांगतो कुठे जायचं.” आणि मग काय, धाकटीचा हात असा बसला की बघत राहावं. एकदा जुने मालक सगळ्यांसमोर बोलून गेले, “थोरले, तुझी शिष्या तुझ्या पुढे गेली की गं!” हसत म्हणाले. थोरली पण हसली. आणि त्या दिवसापासून जे फिस्कटलं ते फिस्कटलं. टेबलावर धाकटीने तोंड उघडलं की थोरलीचा हुकूम, “सुरी चालव, जीभ नको.” धाकटी गप्प बसणारी थोडीच, पण सरळ बोलायची सोय राहिली नाही म्हटल्यावर ती टोमण्यात बोलायला लागली. आणि टोमणे मारण्यात पण तिचा हात बसला.

घर एकच. खाली थोरली, वर धाकटी, मध्ये एक जिना. त्या जिन्यावर माझं अर्धं बालपण दोन्हीकडचे निरोप पोचवण्यात गेलं. “जा, वर सांग, नळ बंद करायला हात तुटले का.” “जा, खाली सांग, आमचे हात कामाला लागतात, दुसऱ्याचे नळ मोजायला नाही.”

मग जुने मालक थकले आणि शेड त्यांच्या जावयाकडे आली. बायका त्याला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे जावईबापू. इस्त्रीचा शर्ट, त्यावर रबरी एप्रन, आणि सारखं घड्याळ. त्याला थोरलीची ही रीत पहिल्या दिवसापासून डोक्यात गेली. पन्नास माणसं एका बाईच्या तोंडाकडे बघत उभी, हे काय! पण सासऱ्यांच्या पुढे काही चालेना. शेवटी त्याला एक मोठी पार्टी मिळाली, लांबच्या हॉटेलांना माल देणारी. त्यांनी चाचणीची ऑर्डर दिली, थोडी खोकी, ती पसंत पडली तर पूर्ण हंगाम शेडला काम.

“खोकी पास झाली,” जावईबापू सगळ्यांसमोर थोरलीला म्हणाला, “तर मी तुमच्या शब्दाच्या मध्ये कधी येणार नाही. नवीन टेबल लावू, त्यावरही तुम्हीच. पण नापास झाली तर हा नाटकीपणा बंद. घड्याळ आणि थर्मामीटर सांगेल तेव्हा सुरी चालेल.”

“थर्मामीटरला शेपूट दिसते का?” थोरली म्हणाली.

“तुम्हाला तरी नीट दिसते का अजून?” हे टेबलाच्या पलीकडून धाकटी. बायका फिस्सकन हसल्या. थोरलीच्या अंगाची लाही लाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी जिन्यावरच पेटलं. धाकटीने वरच्या गॅलरीत बादली भरायला लावली आणि विसरली, पाणी थेट खाली थोरलीच्या धुऊन वाळत घातलेल्या एप्रनवर.

“जाऊबाई, पाणीच आहे ते, ॲसिड नाही.”

“तुझ्या हातचं असलं की दोन्ही एकच.”

“मग घाला ना ओला. नाहीतरी तुम्ही कायम भिजलेल्या मांजरासारख्याच फिरता.”

थोरली ओला एप्रन पिळत पिळत शेडवर निघाली ती दातओठ खात. धाकटी आधी पोचली, तिची सायकल होती. माल उतरत होता. जावईबापू फाटकावर उभा, आणि सहज म्हणून गेला, “आज बोटीचा नाही घेतला. मागच्या मासे पाळायच्या तळ्यांमधला आहे, पहाटे काढलेला, सरळ बर्फाच्या पाण्यात. एकदम ताजा! सांग सगळ्यांना.”

सांग सगळ्यांना. धाकटीने ऐकलं आणि तिला लगेच कळलं. शेडवर कायम लांबच्या बोटींचा माल यायचा, वाटेत ताठरून, कधी कधी सैल होऊनही आलेला. म्हणजे सकाळी सकाळी सैल मासा हाताला लागला तर तो ताठरून परत सुटलेला मासा, हे थोरलीच्या हातात इतकं मुरलं होतं की ती दुसरा विचारच करणार नाही. आणि हा तर पहाटेचा, अजून ताठरायलाच सुरुवात झाली नसणार. दोन्ही सैलच. शेपूट दोन्हींची लोंबते.

थोरली आली. बर्फवाला म्हणाला, “आज पाऊस घरूनच घेऊन आलात वाटतं.” तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ क्रेटमधला मासा उचलला, डोकं दाबलं, अंग कडेबाहेर सोडलं. शेपूट लोंबली. एरवी ती कल्ला उघडून रंग बघायची, अंगठ्याने पाठ दाबून बघायची. त्या दिवशी तिचा अंगठा माशाकडे जातच होता, आणि तेवढ्यात समोरून धाकटी म्हणाली:

“बघा हं जाऊबाई, नीट बघा. आज वासाने ओळखायचा नाहीये, डोक्याने ओळखायचाय. असेल तर.”

सगळं टेबल ऐकत होतं. थोरलीचा अंगठा मागे आला.

“सैल,” ती म्हणाली.

आणि सुऱ्या सुरू.

दिसायला काय सुंदर काम झालं! फिलेट्स काचेसारख्या, कुठे चीर नाही, फाट नाही, चकचकीत. जावईबापू टेबलाभोवती फिरत होता आणि पहिल्यांदाच घड्याळ बघायचं विसरला. बायका खूष, टोपल्यात काहीच जात नव्हतं. पण थोरलीच्या हाताला काहीतरी वेगळंच लागत होतं. सुरी गेली की मांस मागून ओढून घेत होतं. जणू कोणीतरी पातं धरतंय. एका फिलेटवर तिच्या हातावरून मिठाच्या बादलीतलं खारं पाणी सांडलं आणि तो तुकडा थरथरला. टेबलावर, काट्यावरून सुटलेला, एकटा पडलेला तुकडा, आणि थरथरला.

तिला कळलं. क्रेट अजून निम्मे शिल्लक होते. तिने म्हणायला पाहिजे होतं, थांबा. एक शब्द. सगळ्या थांबल्या असत्या, ती म्हणाल्यावर न थांबण्याची कोणाची हिंमत नव्हती. तिने वर बघितलं, तर समोर धाकटी, खाली मान घालून कापतेय आणि ओठांच्या कोपऱ्यात ते हसू. काही न बोलता सगळं बोलणारं हसू. (माझी आई आहे, मला माहितीये ते हसू. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.)

थोरलीने पुढचा मासा ओढला.

खोक्यांमध्ये फिलेट्स सपाट मांडल्या, कडेला कड लावून, बोट जाईल एवढीही फट नाही, वर कागद, वर बर्फाच्या पिशव्या, गार खोलीत बंद. थोरली घरी गेली आणि जेवली नाही. मोठे काका विचारत होते काय झालं, तर म्हणाली, “वरच्या मजल्यावर जाऊन विचार.”

सकाळी पार्टीकडून तपासणीवाली आली. वयाने लहानच, केस जाळीत बांधलेले, हातात मोजे. जावईबापू तिला ताई ताई करत आत घेऊन आला, सगळ्यांना ओळीत उभं केलं, आणि पहिल्या खोक्याचं झाकण उघडलं.

फिलेट्स होत्या, पण त्या काल ठेवलेल्या फिलेट्स वाटतच नव्हत्या. आखडून आखूड झालेल्या, मध्ये जाड, दोन्ही टोकं वर वळलेली, जुन्या चपलेच्या तळव्यासारख्या. चकचकीत अंग खडबडीत झालेलं, सुरकुत्याच सुरकुत्या. काल जिथे फट नव्हती तिथे आज खोक्याचा पांढरा तळ दिसत होता आणि कोपऱ्यात गुलाबी पाणी साचलेलं. दुसरं खोकं, तेच. तिसरं, तेच.

“माप मारलंत की काय?” तपासणीवाली म्हणाली.

“नाही नाही ताई, काल काठोकाठ भरली होती, शपथ!” जावईबापूला घाम फुटला.

तिने एक तुकडा बोटाने दाबला. “हा मासा ताठरायच्या आधी कापलाय.”

“सैल होता,” थोरली ओळीतून म्हणाली.

“सैल असणारच. मेल्यामेल्या सगळेच सैल असतात, बाई. हा ताठरून सैल झालेला नव्हता. तुम्ही काट्यावरून काढला आणि मग हा खोक्यात ताठरला. काट्याला धरलेला असता तर मांसाला आखडता आलं नसतं, काटा ओढून धरतो. इथे धरणारं कोणी नाही, मग आखडला, आणि आखडताना आतलं पाणी बाहेर फेकलं. शिजवला तर चामडं होईल.” आणि जरा विचार करून म्हणाली, “जवळचा माल होता का?”

जावईबापूने इकडे तिकडे बघितलं. मग त्याचं बोट धाकटीवर गेलं.

“हिला सांगितलं होतं मी. फाटकावर! तळ्यातला माल आहे, पहाटेचा आहे, सगळ्यांना सांग म्हटलं होतं. सांगितलंस तू कोणाला?”

धाकटीचं तोंड पांढरं पडलं.

“मुद्दाम! मुद्दाम केलं हिने. दोघींचं घरातलं भांडण आणि माझ्या शेडची माती. उद्यापासून यायचं नाही. आजच एप्रन काढून ठेव.”

आणि थोरलीला हे तेव्हाच कळत होतं, बरं का. की धाकटीला माहीत होतं. की ती समोर उभी राहून, सगळं माहीत असून, तो टोमणा मारत होती. थोरली मला म्हणाली, “तेव्हा सुरी हातात नव्हती म्हणून वाचली तुझी आई.” इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आयता समोर आला होता. धाकटी जाणार. थोरलीने नुसतं गप्प राहायचं. तिचा शब्दही कदाचित वाचला असता, कारण दोष सगळा धाकटीच्या माथी गेला असता, आणि बायका तर मानेनेच हो हो करत होत्या.

“हिला काढू नका,” थोरली म्हणाली.

जावईबापूला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

“हिने मला सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आणि अर्ध्यावर माझं मला कळलं होतं. मांस सुरी ओढत होतं. मी थांबवलं नाही. निम्मा माल वाचला असता.” हे सगळं ती तपासणीवालीकडे बघून बोलत होती, धाकटीकडे नाही. मग श्वास घेतला आणि म्हणाली, “आणि यावरून ही गुणाची आहे असं कोणी समजू नका. विषारी आहे ती, जिभेला हाड नाही. पण तिचा हात सोन्याचा आहे. तिला काढलंत तर या टेबलावर राहील काय, माझी म्हातारी मनगटं आणि तुमचं घड्याळ?”

कोणी हसलं नाही. बर्फवालासुद्धा नाही.

तपासणीवालीने ऑर्डर तिथेच तोडली नाही. म्हणाली, परत एकदा पाठवा, पण माल कुठला, कधी मारला, किती गार, हे कापण्याआधी विचारा, नुसत्या हातावर जाऊ नका. जावईबापूने लगेच तिच्यासमोरच निकाल लावला. आजपासून थोरलीने टेबलावर उभं राहायचं नाही. मागच्या दाराशी बसून काटे वेचायचे. कधी काप म्हणायचं ते धाकटी सांगेल, थर्मामीटर बघून, सगळं विचारून.

थोरलीने सुरी टेबलावर ठेवली आणि मागच्या दाराकडे गेली. बस. त्या वेळी एवढंच.

खरं भांडण घरी झालं, जिन्यावर. मी तिथेच होते, वरच्या पायरीवर. धाकटी खाली गेली, कशाला गेली देव जाणे, आभार मानायला गेली असेल तर तिच्या तोंडातून भलतंच निघालं.

“मी सांगितलं होतं तुम्हाला, नीट बघा म्हणून!”

“सांगितलंस? टोमणा मारलास तू! तळ्यातला मासा आहे, एवढं बोलायला तोंडाला काय लकवा मारला होता?”

“मला टेबलावर तोंड उघडायला कधी दिलंत तुम्ही? सुरी चालव जीभ नको, सुरी चालव जीभ नको! इतकी वर्षं! मला साधं बोलायचं कसं तेच विसरायला झालंय तुमच्याशी!”

“मग मर! आणि वर हसत होतीस! मी बघितलं, हसत होतीस!”

“हो, हसत होते! मला वाटलं आता थांबवाल. आत्ता थांबवाल, आत्ता थांबवाल. तुम्हाला कळलंय हे मला दिसत होतं. मी बघत होते तुमचा हात!” आणि धाकटीचा आवाज फाटला. “मी बघतच असते तुमचा हात. त्याच हाताने शिकलेय ना.”

थोरलीने दार आपटलं. इतक्या जोरात की कडी खाली पडली. ती कडी दुसऱ्या दिवशी बाबांनी बसवली, आणि थोरली आतून ओरडली की वाकडी बसवलीय.

तेव्हापासून काही गोड झालेलं नाही, उगाच आशा लावू नका. घरी दोघी बोलत नाहीत. पण शेडवर एक गोष्ट होते. माल आला की धाकटी विचारते कुठला, कधीचा, थर्मामीटर खुपसते, मासा उचलते, डोकं दाबते. आणि ‘सैल’ म्हणायच्या आधी तिची मान मागच्या दाराकडे वळते. रोज. थोरली चिमट्याने फिलेटमधले काटे ओढत बसलेली असते, मान वर करत नाही, पण तिचा आवाज येतो:

“माझ्या तोंडावर लिहिलंय का? कल्ला उघड! पाठ दाब! ती शेपूट काय नुसती बघायला दिलीय?”

“बघतेय ना!” धाकटी ओरडते.

“बघ मग, आणि मोठ्याने म्हण. त्या कोपऱ्यातल्या बहिरीला पण ऐकू जाऊ दे.”

बायका म्हणतात या दोघी आता जास्त भांडतात. मला वाटतं हो, जास्तच. पण आता निदान माशाबद्दल भांडतात.

आणि आज मी मागच्या दाराशी जाऊन बसले तर काकू म्हणाली, हा हंगाम संपला की मी येणार नाही. मुलीकडे जाणार, दुसऱ्या गावी, कायमची. मी विचारलं आईला सांगितलं का, तर म्हणाली, “तिला कशाला? तिला शेड मिळाली, जिना मिळेल, नळ पण तिचाच.” आणि चिमट्याने असा काटा खेचला की मीच दचकले. मी रडायला लागले तर म्हणाली, “रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड, इथे खारं पाणी नको.”

म्हणून लिहिलं. तुम्ही बंदराच्या बाजूला येत असाल तर शेडच्या पुढच्या फाटकातून जाऊ नका, तिथे जावईबापू उभा असतो. मागून या, बर्फाच्या मशीनच्या बाजूने, दुपारी. उलट्या क्रेटवर एक बाई बसलेली दिसेल. ती विचारेल काय पाहिजे. कीव आली म्हणून आलो असं चुकूनही म्हणू नका. मासा दाखवायला आणा, खराब असला तरी चालेल, खराब असला तर जास्तच चालेल, तुम्हाला त्याबद्दल इतकं ऐकवेल की आयुष्यभर पुरेल. हंगाम संपत आलाय, गाड्या कमी झाल्यात. या आठवड्यात जा. आणि आई, तू हे वाचत असशील तर तुला जिना उतरायला बस पकडावी लागत नाही. तू आजच जा.